ब्लॉक ७० टक्के आहे, पण स्नायूला रक्त किती पोहोचतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात द्राक्षबाग, बारा वर्षांपासून मधुमेह. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चाललं की छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. सीटी अँजिओग्राफीत एलएडीच्या, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणाऱ्या वाहिनीच्या, मधल्या भागात ६० ते ७० टक्के आणि उजव्या रक्तवाहिनीत ४० ते ५० टक्के ब्लॉक सापडला आहे. कॅल्शियम स्कोअर, म्हणजे वाहिन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा, ४१०. एक डॉक्टर म्हणतात, थेट नळी घालून अँजिओग्राफी करू आणि स्टेंट टाकून घेऊ. दुसरे म्हणतात, आधी रक्तप्रवाहाची तपासणी करू. मुलीने विचारलं आहे की शरीरात नळी न घालता हृदयाचा रक्तप्रवाह खरंच मोजता येतो का, आणि येत असेल तर कुठली तपासणी करावी.

सर्वांत आधी एक सांगतो. बसल्या जागी दुखू लागलं, दुखणं पंधरा-वीस मिनिटांहून जास्त टिकलं, घाम फुटला, किंवा गेल्या काही दिवसांत दहा पावलांतच त्रास होऊ लागला, तर खालचं काहीही वाचत बसू नका. त्यांना थेट हृदयरोगाची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. मी पुढे जे लिहिणार आहे ते श्रमाने येणाऱ्या आणि विश्रांतीने जाणाऱ्या, महिनोन्‌महिने एकसारख्या राहिलेल्या दुखण्याबद्दल आहे.

आता उत्तर. हो, मोजता येतो. मी चोवीस वर्षं हृदयाच्या इमेजिंगचंच काम करतो आहे. एवढ्या काळात रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना मला सर्वांत जास्त वेळ लागला तो एकच गोष्ट पटवायला: ब्लॉकची टक्केवारी आणि रक्तप्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्टात ७० हा आकडा दिसला की घरात सगळ्यांना वाटतं, आता फक्त ३० टक्के रक्त जातंय. तसं नसतं.

टक्केवारी कशी येते ते बघा. वाहिनीचा जिथे व्यास चांगला आहे तो भाग आणि जिथे तो कमी झाला आहे तो भाग यांची तुलना करून ती सांगितली जाते. व्यास ५० टक्क्यांनी कमी झाला तर आतलं क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी कमी होतं, आणि व्यास ७० टक्क्यांनी कमी झाला तर क्षेत्रफळ जवळजवळ ९१ टक्क्यांनी. म्हणजे एकाच ब्लॉकला कुणी कशाचा आकडा सांगतो त्यावर तो सौम्य किंवा भयंकर वाटू शकतो. शिवाय मधुमेहात वाहिनी बरेचदा लांबवर थोडी थोडी अरुंद झालेली असते. मग ज्याला ‘चांगला भाग’ समजून तुलना करायची, तोच मुळात चांगला नसतो. ब्लॉक किती लांब आहे, पुढे त्या वाहिनीवर किती स्नायू अवलंबून आहे, शेजारच्या वाहिनीतून बारीक जोडवाहिन्या तयार झाल्या आहेत का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

१९७४ साली लान्स गूल्ड यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग या सगळ्या विषयाचा पाया आहेत. त्यांनी हृदयाची वाहिनी बाहेरून हळूहळू आवळत नेली आणि प्रवाह मोजला. विश्रांतीच्या स्थितीतला प्रवाह व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी कमी होईपर्यंत तसाच राहिला. पण वाहिन्या पूर्ण सैल करून कमाल प्रवाह मागितला तेव्हा तो ३० ते ४५ टक्के आवळल्यापासूनच उतरू लागला. बसलेल्या माणसाचा ईसीजी आणि टू-डी इको उत्तम येऊनही चढावर छाती का आवळते, याचं कारण इथे आहे. आणि प्रवाहाची प्रत्येक तपासणी हृदयाला ‘स्ट्रेस’ देऊनच का करावी लागते, याचंही.

वडील शेतकरी आहेत, तेव्हा त्यांना हे पाटाच्या भाषेत सांगा. चारीत गाळ साचलेला असला तरी थंडीत पाण्याची गरज कमी असते, सगळ्यांचं भागतं. मे महिन्यात सगळ्यांना एकदम पाणी लागतं, तेव्हा टेलच्या शेतकऱ्याला कळतं की चारी कुठेतरी बुजली आहे. हृदयाची गोष्ट त्याहून कठीण आहे, कारण विश्रांतीतसुद्धा हृदयाचा स्नायू रक्तातला ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन काढून घेतो. हात-पाय जास्त काम करताना त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढू शकतात. हृदयाला ती सोय जवळजवळ नाही. त्याला जास्त ऑक्सिजन हवा तर जास्त रक्तच हवं. निरोगी माणसात विश्रांतीला दर ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण १ मिलिलिटर रक्त मिळतं, आणि गरज पडली की ते ३ ते ४ मिलिलिटरपर्यंत वाढतं. या वाढीच्या पटीला आम्ही कोरोनरी फ्लो रिझर्व्ह म्हणतो, म्हणजे प्रवाहाची राखीव ताकद. ती तीन-चार पट असली की उत्तम. दोन पटीच्या खाली आली की काहीतरी बिघडलं आहे हे नक्की.

मग टक्केवारी बघून स्टेंटचा निर्णय घेतला तर किती वेळा चूक होते? याचं चांगलं उत्तर फेम नावाच्या अभ्यासातून मिळालं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकापेक्षा जास्त वाहिन्यांत ब्लॉक असलेले १,००५ रुग्ण होते. त्यात अँजिओग्राफीच्या वेळी दाब मोजणारी बारीक तार ब्लॉकच्या पलीकडे नेऊन एफएफआर हा आकडा काढला गेला. एफएफआर म्हणजे ब्लॉकच्या पलीकडचा दाब आणि अलीकडचा दाब यांचं गुणोत्तर, वाहिन्या पूर्ण सैल असताना घेतलेलं. ०.८० किंवा त्याखाली आलं तर ब्लॉक खरंच रक्त अडवतोय असं धरतात. डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटलेल्या ब्लॉकपैकी फक्त ३५ टक्के ब्लॉक खरोखर रक्त अडवत होते. ७१ ते ९० टक्के वाटलेल्यांतही दर पाचांत एक निर्दोष निघाला. तुमच्या वडिलांचा ब्लॉक नेमका या संदिग्ध पट्ट्यात बसतो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

एफएफआर हा मापदंड उत्तम आहे, पण त्यासाठी कॅथलॅबमध्ये जाऊन नळी घालावीच लागते. तुम्हाला हवं आहे ते त्याआधीचं उत्तर.

आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारी तपासणी म्हणजे ‘स्ट्रेस थॅलियम’. नाव थॅलियमचं राहिलं, पण आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम जोडलेलं मिबी हे औषध वापरतात. थॅलियमचं अर्ध-आयुष्य, म्हणजे निम्मं होण्याचा काळ, ७३ तास, टेक्नेशियमचं ६ तास, त्यामुळे किरणोत्सर्ग कमी आणि चित्र स्वच्छ. ट्रेडमिलवर चालवून किंवा औषधाने वाहिन्या सैल करून हे शिरेतून देतात. स्नायूच्या ज्या भागात रक्त जास्त गेलं तिथे ते जास्त साठतं आणि गॅमा कॅमेरा ते टिपतो. विश्रांतीतलं चित्र आणि श्रमातलं चित्र शेजारी ठेवलं की कुठला भाग फक्त श्रमात उपाशी राहतो ते दिसतं. दोन्ही चित्रांत रिकामा असलेला भाग बहुधा जुन्या अटॅकचा व्रण असतो.

या तपासणीची ताकद मोठी आहे, पण तिची एक मर्यादा प्रत्येक घरच्याला माहीत असायला हवी. ती प्रवाह मोजत नाही, प्रवाहाची तुलना करते. स्नायूचा सर्वांत उजळ भाग शंभर धरायचा आणि बाकीचे त्याच्या मानाने बघायचे. पुन्हा पाटावर येतो. सगळ्याच शेतांना निम्मं पाणी मिळत असेल आणि तुम्ही प्रत्येक शेत फक्त शेजारच्या शेताशी ताडून बघत असाल, तर टंचाई दिसणारच नाही. तिन्ही वाहिन्या सारख्या आजारी असल्या की थॅलियमचं चित्र एकसारखं, गोंडस, ‘नॉर्मल’ येऊ शकतं. कारकिर्दीच्या सुरुवातीला मी असा एक रिपोर्ट नॉर्मल म्हणून सही करून दिला होता. त्या गृहस्थांची तीन आठवड्यांनी अँजिओग्राफी झाली आणि तिन्ही वाहिन्या गंभीर निघाल्या. चित्रात खुणा होत्या: श्रमानंतर डावा कप्पा थोडा फुगलेला दिसत होता, ट्रेडमिलवर रक्तदाब वाढण्याऐवजी उतरला होता. मी फक्त रंग बघत बसलो. तेव्हापासून मी रंगांआधी रक्तदाबाचा तक्ता वाचतो, आणि हाताखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेच करायला लावतो.

उलट दिशेनेही फसगत होते. पुरुषांत छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खालच्या भिंतीवर सावली टाकतो, स्त्रियांत स्तनाची सावली पुढच्या भिंतीवर पडते, आणि नसलेला दोष दिसतो. पालथं झोपवून पुन्हा चित्र घेतलं किंवा सीटीच्या मदतीने दुरुस्ती केली तर त्यातलं बरंच निस्तरतं. या दुरुस्तीला अटेन्युएशन करेक्शन म्हणतात. म्हणून तपासणी कुठे करायची हे ठरवताना ‘अटेन्युएशन करेक्शन करता का?’ हा प्रश्न जरूर विचारा.

खरा आकडा देते ती पेट तपासणी. कर्करोगासाठी जे पेट स्कॅनचं यंत्र वापरतात तेच, औषध वेगळं. इंजेक्शन देताक्षणी चित्रण सुरू करतात. डाव्या कप्प्यातल्या रक्तात औषध किती आहे आणि स्नायू ते किती वेगाने उचलतो आहे, हे सेकंदासेकंदाने नोंदवतात, आणि गणिताने दर ग्रॅमला मिनिटाला किती मिलिलिटर हे काढतात. विश्रांतीला किती, ताणात किती, पट किती, तिन्ही वाहिन्यांच्या क्षेत्रांत वेगवेगळं. सगळी शेतं सारखी तहानलेली असली तरी इथे लपत नाही. मिबी फार जोराच्या प्रवाहात मागे पडतं, म्हणजे रक्त दुप्पट झालं तरी स्नायूत ते दुप्पट शिरत नाही. पेटच्या औषधांपैकी किरणोत्सर्गी ऑक्सिजन-१५ असलेलं पाणी जवळजवळ पूर्णपणे स्नायूत शिरतं, अमोनियाही बऱ्यापैकी साथ देतं. २०११ साली २,७८३ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांची राखीव ताकद दीड पटीखाली होती, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचा धोका सर्वांत चांगली ताकद असलेल्यांच्या सुमारे साडेपाच पट आढळला.

अडचण औषधाच्या आयुष्याची आहे. ऑक्सिजन-१५ दोन मिनिटांत निम्मं होतं, नायट्रोजन-१३ अमोनिया दहा मिनिटांत. म्हणजे ही किरणोत्सर्गी औषधं बनवायला लागणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र त्याच आवारात हवं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला, पण आजही हृदयासाठी अमोनिया नियमित करणारी केंद्रं मोजकीच आहेत. रुबिडियम-८२ हे औषध जनरेटरमधून (विजेच्या नव्हे, औषध तयार करणाऱ्या) मिळतं, सायक्लोट्रॉन लागत नाही, पण ते सव्वा मिनिटात निम्मं होतं आणि जनरेटर महिना-दीड महिन्यात बदलावा लागतो. रोज पुरेसे रुग्ण नसतील तर ते परवडत नाही. मला आशा आहे ती फ्लुरपिरिडाझ या नव्या औषधाची. अमेरिकेत त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. त्यात फ्लुओरिन-१८ आहे, अर्ध-आयुष्य ११० मिनिटं. कर्करोगाच्या स्कॅनचं एफडीजी याच आयुष्यामुळे सायक्लोट्रॉन नसलेल्या शहरांतही गाडीने पोहोचतं. हे औषध आपल्याकडे आलं तर सांगली-कोल्हापूरच्या माणसाला या आकड्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही.

एमआरआय ही माझी स्वतःची आवडती तपासणी, हे आधीच कबूल करतो. शिरेतून गॅडोलिनियम हे चित्रात उजळणारं द्रव्य देतात आणि ते हृदयात पहिल्यांदा शिरतानाचं चित्रण करतात. निरोगी स्नायू झटकन उजळतो, उपाशी भाग काळसर राहतो. थॅलियमच्या चित्रात सेंटिमीटरभराचे तपशील दिसतात, इथे दोन-तीन मिलिमीटरचे. हृदयाच्या भिंतीत रक्ताची टंचाई आधी आतल्या थराला जाणवते, बाहेरच्या थराला नंतर. एमआरआयमध्ये ती आतली काळी कड स्पष्ट दिसते. दहा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात जुना व्रण पांढरा उमटतो. टंचाई कुठे आहे, मेलेला स्नायू कुठे आहे आणि आकुंचन कसं आहे, या तिन्हींची उत्तरं एकाच बैठकीत मिळतात, आणि किरणोत्सर्ग शून्य. काही केंद्रांत आता एमआरआयवरही पेटसारखे मिलिलिटरचे आकडे आपोआप निघतात.

२०१९ साली एमआर-इन्फॉर्म या अभ्यासात छातीत दुखणाऱ्या ९१८ रुग्णांचे दोन गट केले होते. एकात एमआरआयवरून निर्णय, दुसऱ्यात अँजिओग्राफी आणि एफएफआरवरून. वर्षभरात मृत्यू, अटॅक किंवा त्याच वाहिनीवर पुन्हा उपचार यांचं प्रमाण ३.६ आणि ३.७ टक्के, म्हणजे सारखंच. पण स्टेंट किंवा बायपास एमआरआयच्या गटात ३५.७ टक्क्यांना लागलं, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांना. एमआरआय गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना कॅथलॅबमध्ये जावंच लागलं नाही. माझ्या मते या विषयातला रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निकाल हाच.

अडथळे: जुना पेसमेकर असेल तर अवघड, मूत्रपिंड फार कमी काम करत असेल तर गॅडोलिनियम जपून, बंद नळीची भीती असेल तर पाऊण तास झोपणं कठीण. आणि वाचणारा माणूस अनुभवी हवा, कारण आतल्या थराला एक खोटी काळी रेघ येते आणि ती टंचाईसारखीच दिसते.

इथे चहाचा विषय काढतो, कारण याने मी जितक्या तपासण्या वाया जाताना पाहिल्या आहेत तितक्या यंत्र बिघडूनही गेल्या नाहीत. औषधाने वाहिन्या सैल करायला बहुधा अ‍ॅडेनोसिन देतात, दर किलोला मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम, शिरेतून. ते ज्या ठिकाणी जाऊन काम करतं, नेमकी तीच जागा चहा-कॉफीतलं कॅफिन अडवून बसतं. मग वाहिन्या सैल होत नाहीत, स्ट्रेस लागतच नाही आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. एका आजोबांनी पहाटे एसटीत बसण्यापूर्वी ‘फक्त घोटभर’ चहा घेतला होता आणि विचारल्यावर नाही म्हणाले, कारण घोटभर चहा त्यांच्या लेखी चहा नव्हताच. एमआरआयमध्ये आम्ही एक खूण बघतो: अ‍ॅडेनोसिन नीट लागलं की चित्रात प्लीहा, म्हणजे पोटातली पानथरी, काळी पडते. त्यांची पांढरीशुभ्रच होती. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा प्लीहा काळी झाली आणि पुढच्या भिंतीचा आतला थरही. पहिल्या दिवशीच्या चित्रावर विसंबलो असतो तर त्यांना निर्धास्त घरी पाठवलं असतं. म्हणून आदल्या दिवसापासून, किमान १२ आणि शक्यतो २४ तास, चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, कॅफिन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या बंद. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. दमा जोरात असेल तर अ‍ॅडेनोसिन देतच नाहीत, दुसरं औषध वापरतात.

अ‍ॅडेनोसिन सुरू झालं की छाती भरून येते, चेहरा गरम होतो, श्वास जड वाटतो. माणूस घाबरतो, त्याला वाटतं अटॅक आला. औषध दहा सेकंदांत रक्तातून निम्मं होतं, त्यामुळे बंद केलं की मिनिटभरात सगळं ओसरतं. हे वडिलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आधी माहीत असलेला माणूस शांत पडून राहतो आणि चित्र चांगलं येतं.

सीटी-एफएफआर ही तुमच्या बाबतीत विशेष विचार करण्यासारखी गोष्ट, कारण सीटी आधीच झाली आहे. त्याच सीटीच्या चित्रांवरून संगणकात वाहिन्यांचं त्रिमितीय मॉडेल तयार करतात आणि द्रवगतिशास्त्राची समीकरणं सोडवून ब्लॉकच्या पलीकडे दाब किती राहील ते काढतात. पुन्हा इंजेक्शन नाही, पुन्हा किरणं नाहीत. अमेरिकेत हार्टफ्लो कंपनीच्या पद्धतीला नोव्हेंबर २०१४ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर इतरांच्या पद्धतीही आल्या, काही थेट सीटीच्या यंत्रावर चालणाऱ्या.

पण हे मोजमाप नसून गणित आहे, हे विसरू नका. मूळ चित्र हललेलं असेल तर उत्तर चुकणार. नाडी ६० च्या आसपास होती का, सीटीच्या आधी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिलं होतं का, हे बघावं लागतं. ४१० कॅल्शियम स्कोअरने तपासणी बाद होत नाही, पण कॅल्शियमचा गोळा नेमका ब्लॉकवर बसला असेल तर सीटीत तो आहे त्याहून मोठा दिसतो आणि ब्लॉक फुगवला जातो. शिवाय हे गणित धरून चालतं की औषधाने बारीक वाहिन्या नेहमीसारख्या सैल होतील. बारा वर्षांच्या मधुमेहात ते गृहीतक डळमळू शकतं. आणखी एक बारकावा: आकडा ब्लॉकच्या एक-दोन सेंटिमीटर पुढे वाचायचा असतो. वाहिनीच्या अगदी टोकाला निरोगी माणसातही तो हळूहळू उतरत जातो. टोकाचा ०.७७ बघून स्टेंटची सूचना झालेले रुग्ण माझ्याकडे आले आहेत, ज्यांचा ब्लॉकजवळचा आकडा ०.८६ होता. ०.७५ ते ०.८० हा पट्टा करडा समजावा. तिथे मी एकट्या या आकड्यावर निर्णय देत नाही.

सीटी परफ्युजनही होते, म्हणजे अ‍ॅडेनोसिन देऊन स्नायूचीच सीटी. चांगली आहे, पण कॉन्ट्रास्ट आणि किरणं पुन्हा घ्यावी लागतात.

साध्या इकोबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण याची दखल फार कमी घेतली जाते. स्ट्रेस इकोत प्रवाह दिसत नाही. टंचाईमुळे भिंत आळसावते का ते दिसतं. टंचाईच्या साखळीत रक्त आधी कमी पडतं, मग भिंत नीट सैल होत नाही, मग नीट आकुंचत नाही, मग ईसीजी बदलतो, आणि दुखणं सर्वांत शेवटी. म्हणजे स्ट्रेस इको साखळीची मधली कडी पकडतो. पण सरावलेल्या हाताला छातीवरून साध्या डॉपलरने, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीने, एलएडीच्या खालच्या भागातला प्रवाह थेट सापडतो. अ‍ॅडेनोसिनच्या आधीचा वेग आणि नंतरचा वेग, यांची पट काढायची. दोनच्या वर आली तर मोठा दिलासा, खाली आली तर पुढे जायचं. यंत्र तालुक्याच्या गावातही असतं, खर्च कमी, किरणं नाहीत. हात बसायला मला स्वतःला जवळजवळ वर्ष लागलं. उजव्या वाहिनीसाठी ही पद्धत तितकी सोपी नाही, आणि सगळ्यांच्या छातीतून स्पष्ट चित्र मिळत नाही. तरी एलएडीच्या संदिग्ध ब्लॉकसाठी हे कौशल्य आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत शिकवलं जावं असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्या तपासण्यांत एक निकाल असा येतो की ज्याने घरचे गोंधळतात: ब्लॉक फार नाही, पण प्रवाहाची पट कमी आहे. हा दोष मोठ्या वाहिनीचा नसतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांचा असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया यांच्यात हे बरंच दिसतं. अशा कितीतरी बायकांना ‘अँजिओग्राफी नॉर्मल आहे, गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून परत पाठवलं जातं, आणि त्या वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात. त्यांचं दुखणं खरं असतं. त्यावर स्टेंट नाही, पण औषधं आहेत.

आकडा हातात आल्यावर काय करायचं? २०२० साली इस्केमिया हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, सगळ्यांना तपासणीत मध्यम किंवा गंभीर टंचाई, आणि भारतातली केंद्रंही त्यात होती. सुमारे सव्वातीन वर्षं पाहिल्यावर थेट अँजिओग्राफी-स्टेंट-बायपास केलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू व अटॅकचं एकूण प्रमाण स्पष्टपणे वेगळं नव्हतं. दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त चांगलं आटोक्यात आलं, विशेषतः ज्यांना वारंवार दुखत होतं त्यांच्यात. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असलेले आणि हृदयाचं पंपिंग फार कमी असलेले रुग्ण त्यात घेतले नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा. पण तुमच्या वडिलांसारख्या माणसाला यातून वेळ मिळतो. उद्याच स्टेंट टाकला नाही तर अनर्थ होईल, अशी भीती घालून घेण्याचं कारण नाही.

तुमच्या वडिलांचं ठरवायचं तर मी असा जाईन. सीटीत डावी मुख्य वाहिनी मोकळी आहे आणि इकोत पंपिंग चांगलं आहे, हे आधी पक्कं करा. त्यांच्या डॉक्टरांनी स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि दुखण्यावरची औषधं पुरेशा मात्रेत सुरू केली आहेत का ते विचारा. तपासणी होईपर्यंत थांबून ती लांबवू नका. मूत्रपिंड ठीक असेल आणि पुण्या-मुंबईला जाणं जमत असेल, तर स्ट्रेस एमआरआय ही माझी पहिली पसंती, कारण मधुमेहात दोन वाहिन्या संशयित असताना आतल्या थराचं चित्र आणि व्रण दोन्ही एकदम दिसतात. अमोनिया पेट मिळत असेल तर तेही तितकंच चांगलं. दोन्ही नाही जमलं तर जवळच्या शहरात मिबी स्कॅन, ट्रेडमिलवर चालवून, आणि रक्तदाबाच्या तक्त्यासह रिपोर्ट. सीटीचं चित्र स्वच्छ असेल तर सीटी-एफएफआर.

एलएडीच्या क्षेत्रात मोठी टंचाई निघाली, किंवा औषधं नीट घेऊनही फवारणी करताना छाती आवळत राहिली, तर पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर ठरेल. तेव्हा अँजिओग्राफी करावी, आणि उजव्या वाहिनीच्या ४०-५० टक्क्यांवर डोळ्यांनी निर्णय न घेता तिथेच दाबाची तार घालून एफएफआर बघावा. दोन-तीन वाहिन्या खरोखर दोषी ठरल्या तर मधुमेही माणसासाठी बायपासच्या सर्जनचं मतही रुग्ण टेबलवर असतानाच घ्यावं, स्टेंट पडल्यावर नको. आणि टंचाई निघालीच नाही, तर औषधं, साखर, रक्तदाब, रोजचं चालणं, आणि पुढच्या भेटीची तारीख.

बीटा ब्लॉकरची (नाडी मंद ठेवणारी) गोळी तपासणीच्या दिवशी घ्यायची की नाही हे केंद्राला आधी फोन करून विचारा. काही जण बंद करायला सांगतात, काही चालू ठेवून बघतात. मनाने बंद करू नका. जाताना सीटीची फक्त छापील पानं नेऊ नका, त्या केंद्रातून मूळ चित्रांची सीडी मागून घ्या. त्यांनी काढलेला ६० ते ७० चा आकडा आम्हाला पुन्हा स्वतः मोजायचा असतो.